तेवीस टाक्यांची बरणी

जागामालक वीरभद्र अप्पांनी दुकान रिकामं करून मागितलं, तेव्हा दस्तगीरचाचांना राग आला नाही. इतकी वर्षं मागितलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. लातुरातल्या गंजगोलाईमागची ती गल्ली एकेक करून सगळीच बदलली होती. कल्हईवाला गेला, तिथं झेरॉक्सचं यंत्र आलं. अत्तरवाल्याच्या जागेत सुमनबाईंची मेस सुरू झाली. वर जिथं म्हणून स्लॅब टाकता येत होता तिथं टाकून मुलामुलींची हॉस्टेलं उभी राहिली. गॅलऱ्यांतून टॉवेल लोंबू लागले आणि खांबाखांबावर शिकवण्यांचे फलक आले. त्यांवर गुण मिळवलेल्या पोरांचे फोटो. या सगळ्याच्या खाली पत्र्याची एक जुनी पाटी होती : ‘येथे फुटकी चिनी जोडून मिळेल.’

पोरं ती पाटी वाचून हसत. एखादं धीट पोरगं आत डोकावून विचारी, “चाचा, चीन कधी फुटला?”

“तुझा पेपर फुटला तवाच,” चाचा म्हणत, आणि पोरगं हसत क्लासला पळे.

अप्पा माणूस वाईट नव्हता. दारातल्या स्टुलावर बसून त्यांनीच दोनदा घाम पुसला. “चाचा, सावकाश करा. मार्चपर्यंत राहू द्या.”

“मार्च कशाला अप्पा? महिना पुरे. सामान तरी काय हाय माझं?”

सामान खरंच थोडं होतं. एक पाट, दोरीच्या कमानीनं फिरणारं गिरमिट, पितळी तारेची दोन वेटोळी, एक स्टोव्ह, आजोबांची एक रकाबी. नांदेडला देगलूर नाक्याजवळ मुलगा जावेद राहायचा. तो दोन वर्षांपासून बोलावत होता. त्याचं प्लॅस्टिकच्या वस्तूंचं दुकान होतं आणि त्यातला निम्मा माल चीनचाच असे. “अब्बा, आपलं खानदानच चीनवर जगतंय,” असं तो फोनवर म्हणायचा. म्हणजे महिना पुरला असता. पण अप्पा उठून गेले आणि चाचांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथं एक बरणी होती. वीस वर्षं होती.

चाचांच्या घराण्यातलं हे काम आजोबांपासूनचं. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादेत एका नवाबाच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्यावर, झाडलोट करायचे. तिथं दर हिवाळ्यात एक चिनी माणूस यायचा. खांद्यावर बांबूची कावड. एका टोकाला रेशमाचे तागे, दुसऱ्या टोकाला छोट्या खणांची पेटी. रेशीम विकून झालं की तो तबेल्याच्या ओट्यावर बसून ड्योढीतली फुटकी भांडी जोडायचा. त्याला इथली भाषा येत नव्हती, आजोबांना त्याची येत नव्हती. आजोबा नुसते समोर बसून बघायचे. तीन हिवाळे बघितल्यावर एके दिवशी त्यानं गिरमिटाची कमान आजोबांच्या हातात दिली.

काम असं : तुकडे एकमेकांना भिडवून दोऱ्यानं आवळायचे. फुटीच्या दोन्ही बाजूंना हिरकणीच्या टोकानं भोक पाडायचं, पण आरपार नाही. चिनीची जाडी जेवढी, तिच्या निम्म्यापर्यंतच. जरा पुढं गेलं की भांडं वाया. मग पितळी तारेचा टाका करायचा, दोन भोकांमधल्या अंतरापेक्षा केसभर आखूड, आणि तो ताणून बसवायचा. तो ताणच दोन तुकड्यांना धरून ठेवतो. शेवटी फटीत अंड्याचा पांढरा बलक आणि चुना. बाहेरून टाके दिसतात, आतून बोट फिरवलं तर काही लागत नाही.

त्या चिनी माणसाचे नियम दोन होते. तेही आजोबांनी बघूनच घेतले. एक, या भांड्याचा तुकडा त्या भांड्याला कधी लावायचा नाही. दुसरा, जोडून झालेलं भांडं नुसतं परत द्यायचं नाही. तो भांडं ओट्यावर ठेवायचा, घरच्या बाईच्या हाती पाण्याचा तांब्या द्यायचा आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसायचा. पाणी तिनं ओतायचं. थेंब आला नाही की मगच भांडं तिचं. त्यानं स्वतः कधी ओतलं नाही.

आजोबा आणखी एक गोष्ट सांगायचे. त्या माणसाचा काही सण असावा. त्या दिवशी त्यानं लाल कागदाची घडी केली, छोट्या कात्रीनं कुरकुर कापली आणि उलगडली तर दोन मासे. शेपटीला शेपटी लागलेले, अंगावर खवला न् खवला कापलेला. ते त्यानं तबेल्याच्या भिंतीला खळीनं चिकटवले आणि बराच वेळ समोर उभा राहिला. “एवढ्या मोठ्या हैदराबादेत त्या कागदाचा अर्थ कळणारा तो एकटाच होता,” असं आजोबा म्हणायचे. चौथ्या हिवाळ्यानंतर तो आला नाही. जाताना स्वतःची जेवायची रकाबी आजोबांना देऊन गेला होता. पांढऱ्यावर निळे दोन मासे. एकाची शेपटी दाट, दुसऱ्याची फिकट. कुंचल्यातला रंग संपत आला असावा आणि चितारणाऱ्यानं तसंच पुढं नेलं असावं. पाठीमागं त्याच्याच हातचे नऊ टाके, तांदळाच्या दाण्याएवढे. चाचांना लहानपणी ती फिकट शेपटी चूक वाटायची. म्हातारपणी मात्र तीच जास्त बघावीशी वाटू लागली. दाट शेपटी कोणाचीही असू शकली असती. ही कोणा एकाच माणसाची होती.

ती बरणी आली १९९३ साली. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे जमीन हलली. लातूर शहरात भिंतींना तडे गेले, पण किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. महिनाभरानं चाचांच्या दुकानात अशी गर्दी झाली की तशी पूर्वी झाली नव्हती आणि पुढंही झाली नाही. घर गेलं, माणसं गेली, आणि लोक फुटक्या कपबश्या घेऊन येत होते. चाचांच्या बायकोला, सुलतानबीला, याचं आश्चर्य वाटायचं. “छप्पर नाही डोक्यावर, अन् कपाचा कान जोडून मागतात.” जोडता येईल असं त्या लोकांकडं तेवढंच उरलं होतं.

त्यातच एक वीस वर्षांची बाई आली. नाव सिंधु. सणाला माहेरी गेली म्हणून वाचली होती. तिनं हिरव्या लुगड्याच्या फाडलेल्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं पाटावर ठेवलं. “सासूबाईची लोणच्याची बरणी हाय. जोडा,” एवढंच बोलली. कधी येशील विचारलं तर म्हणाली, “येते.”

गाठोड्यात नऊ तुकडे निघाले. जुनी चिनी मातीची बरणी, अंगाला तपकिरी, खांद्यावर बोटानं ओढल्यासारखी फुलाची एक फांदी. चाचांनी बारा दिवस घेतले. बुडापासून खांद्यापर्यंत सोळा टाक्यांत सगळं जमलं, पण तोंडाचा तुकडा हाती घेतला आणि ते थांबले. तोंड एकसंध होतं, पण पातळ होतं. वरची झिलई निळसर होती. ते या बरणीचं नव्हतंच. ढिगाऱ्यातून गोळा करताना दुसऱ्या कुठल्या बरणीचं तोंड गाठोड्यात आलं होतं.

नियमाप्रमाणं त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण सगळं गेलेल्या पोरीला बिनतोंडाची बरणी द्यायची कशी? त्यांनी कड घासली, सात टाके घालून ते परकं तोंड बसवलं आणि फटीत चुना जास्त भरला. एकूण तेवीस टाके. बरणी फळीवर ठेवली आणि ठरवलं, ती आली की पाणी ओतायच्या आधीच खरं सांगायचं.

ती आली नाही.

सुलतानबी म्हणायची, “येईल. घर झालं की येईल. बरणी ठेवायला कोनाडा तर पाहिजे.” दोन वर्षांनी चाचा स्वतः तिच्या गावाच्या नव्या वसाहतीत जाऊन आले. एकसारख्या घरांच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं सांगितलं, “सिंधु ना? तिला दुसऱ्या घरी दिली. नांदेडकडं कुठंतरी.” पुढं गल्लीतल्या घरांतून लोणच्याच्या बरण्या गेल्या, प्लॅस्टिकचे डबे आले. सुलतानबीही गेली. जावेद नांदेडला गेला. महिन्याला दोन भांडी, मग वर्षाला दोन. चाचा तरी रोज सकाळी शटर वर करायचे, फडक्यानं बरणी पुसायचे आणि पाटावर बसायचे. दारासमोर बाईमाणसाची पावलं वाजली की मान वर व्हायची.

दुकान सोडायचं ठरल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी सुमनबाईंना ती बातमी दिली. सुमनबाई शंभर पोळ्यांची कणीक तिंबत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अगंबाई! म्हणजे ती अर्धापूरची बाई सुटली म्हणायची.”

“कोन बाई?”

“ती पुनमची आई हो. पोरगी वरच्या मजल्यावर राहते, बारावीला. दर दुसऱ्या रविवारी नांदेडकडनं डबा घेऊन येती. आल्या आल्या मला इचारती, चाचा दुकानात हायत का? हायत म्हणलं की मागच्या बोळानं जिन्याकडं जाती. दीड वर्ष झालं बघा. मला वाटलं तुमचं तिचं काय भांडण-बिंडण असंल.”

“नाव काय तिचं?”

“सिंधु.”

चाचा दुकानात परत आले आणि शटर अर्धं खाली ओढून बसले. इतकी वर्षं त्यांनी धरून चालवलं होतं की ती विसरली असेल. किंवा वारली असेल. दोन्ही गोष्टी सहन करता येत होत्या. पण ती दर पंधरा दिवसांनी आपल्या भिंतीमागून, पंधरा पावलांवरून जाते, आणि आपण आहोत हे विचारून मगच वाट बदलते, हे कसं सहन करायचं ते त्यांना कळेना. एकदा वाटलं, नको असेल तिला तर आपण कोण देणारे? बरणी नांदेडला घेऊन जावी. मग त्या तोंडाकडं लक्ष गेलं. ते खोटं आपलं होतं. ते तिला सांगितल्याशिवाय दुकान बंद करता येत नव्हतं.

रविवारी त्यांनी दुकान उघडलंच नाही. बरणी जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. तो त्यांनी धुऊन जपून ठेवला होता. आणि मेसच्या मागच्या दारात, बोळाकडं तोंड करून, ते स्टुलावर बसले. सुमनबाईंनी एकदा बघितलं आणि चहा आणून ठेवला.

अकराच्या सुमारास ती आली. अंगानं भरलेली, कपाळाशी केस पिकलेले, हातात डब्याची पिशवी. चाचांनी ओळखलं नसतं. पण तिचे डोळे त्यांच्या मांडीवरच्या गाठोड्यावर गेले आणि पाय तिथंच थांबले.

“बस, बेटी,” चाचा म्हणाले.

ती नळाच्या कट्ट्यावर बसली. पिशवी मांडीवर घट्ट धरली. आत सुमनबाईंच्या तव्यावर पोळ्या पडत होत्या.

“चाचा, तुमी ठेवली आसंल हे मला ठावं होतं,” ती शेवटी म्हणाली. “पोरीला पयल्यांदा सोडायला आले ना, तवाच फळीवर दिसली. तवापास्नं त्या बाजूनं पाऊल टाकवंना.”

“मी मागणार काय होतो तुला? तुझीच वस्तू तुला देणार होतो.”

“तेच तर. माझी न्हाई ती.”

चाचांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“आमचं घर कुठं व्हतं तेच कळत नव्हतं, चाचा. निस्ता ढीग. मिलिट्रीवाले जवळ जाऊ देत नव्हते. मी रडले-भेकले तर एकानं पाच मिन्टं सोडलं. जे चिनीचं दिसलं ते गोळा केलं. आमची फळी कुठली, शेजारच्यांची कुठली, काय समजलं न्हाई. तुमच्याकडं आले ते… काय सांगू, हातात कायतरी घेऊन कुठंतरी जायाचं व्हतं. नंतर भेव वाटलं. तुमी जोडणार, हातात देणार, आन् मी बघणार की ही आमची न्हाई. मेलेल्या माणसाची चोरून आणल्यावानी. मग कुणाला परत करू?”

चाचांनी गाठोडं सोडलं. बरणी दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवली. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य त्यांना आठवेना, म्हणून ते सरळच बोलले. “माझंबी एक ऐक. मी बी लबाडी केलीय. खालचा भाग सगळा एका बरणीचा हाय. हे तोंड तिचं न्हाई. दुसरंच कुठलंतरी बसवलंय मी. असं करायचं नसतं आमच्या धंद्यात. माझ्या आज्यानं केलं नाही, बापानं केलं नाही.”

सिंधु पुढं वाकली. आधी अंगावरची फांदी बघितली आणि मान हलवली. “आमचीवर फुलं नव्हती.” मग तोंडाच्या काठावरून बोट फिरवू लागली. एका जागी बोट थांबलं. काठाला नखाएवढा जुना टवका होता. तो फुटताना पडलेला नव्हता, त्याच्याही आधीचा होता, म्हणून चाचांनी त्याला हात लावला नव्हता.

ती बोट तिथून काढेना.

“चाचा,” ती म्हणाली, “तोंड आमचं हाय.”

“काय?”

“सासूबाई दादरा बांधायच्या ना बरणीला, फडकं, तर गाठ हितं यायची. ह्या टवक्यात. म्हणायच्या, हितली गाठ सरकत न्हाई. मी नवी नवरी, एकदा गाठ तिकडल्या बाजूला मारली तर मला काय बोलल्या, काय बोलल्या! तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय, म्हणाल्या.” ती हसली, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं बरणीच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, “मंग ही केवळाबाईची. त्यांची आमची भिंत एक व्हती. एकाच बैलगाडीवाल्याकडनं घेतल्या व्हत्या दोन्ही घरांनी. त्यांच्या घरातलं तर कुणीच न्हाई राहिलं.”

वीस वर्षं ज्या सात टाक्यांकडं बघायची त्यांना लाज वाटत होती, त्यांवर तिचा अंगठा होता.

मग त्यांनी सुमनबाईंचा तांब्या मागून घेतला, नळाखाली भरला आणि तिच्या हातात दिला. स्वतः हात मांडीवर ठेवून बसले. काय करायचं ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं हळूहळू पाणी ओतलं, खांद्यापर्यंत, मग तोंडापर्यंत. दुसरा तांब्या भरला, तिसरा भरला. दोघंही बघत राहिले. बुडाच्या टाक्यांवर काही नाही. फांदीवर काही नाही. मग तोंडाच्या सांध्यात, तिसऱ्या टाक्याशी, एक थेंब दिसला. तो मोठा झाला, थांबला, आणि ओघळला.

“देता येत न्हाई,” चाचा म्हणाले. “थेंब आला. पुन्हा करायला पाहिजे. पण डोळे राहिले न्हाईत आता. भोक आरपार जाईल.”

“राहू द्या तसंच.”

“नियम हाय, बेटी.”

“दोन घरांची हाय चाचा, कुठंतरी पाझरणारच. मी काय पाणी थोडंच भरणार हाय हिच्यात?”

“मग काय भरशील?”

तिनं विचार केला. “काय न्हाई. ठेवीन.”

“घरी काय सांगशील?”

“आमच्या मालकांनी कधी आधीचं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. त्यांचंबी आधीचं असंल की.” ती बरणी तिरकी करून पाणी नळाखाली सोडू लागली. “इचारलं तर सांगीन, शेजारणीची हाय. खोटं न्हाई त्यात.”

हिरव्या लुगड्याचा तुकडा तिनं बरणीच्या तोंडावर घातला, दोन वेढे घेतले आणि गाठ टवक्यात बसवली. ओढून बघितली. सरकली नाही. डबा पोरीला देऊन ती खाली आली, तेव्हा बरणी लेकराला घ्यावं तशी कडेवर घेतली आणि या वेळी पुढच्या बाजूनं, पाटीखालून, गल्लीतून गेली. सुमनबाई दारात येऊन म्हणाल्या, “अर्धापूरच्या बाई, इकडची वाट सापडली म्हणायची!” सिंधु मान डोलावून पुढं गेली. वळणावर तिनं मागं बघितलं नाही. एका हातात पिशवी होती आणि गर्दीत बरणी सांभाळायची होती.

चाचांनी दुकान उघडलं. फळीवर बरणी होती तिथं एक गोल उरला होता, भोवतीच्या लाकडापेक्षा उजळ. त्यांनी फडकं घेतलं, हात वर नेला आणि तसाच खाली आणला. पुसायचं काही नव्हतं.

दुपारी जावेदचा फोन आला. “अब्बा, सामान किती आहे? टेम्पो पाठवू का?”

“टेम्पो कशाला? मी बसनं येतो. उद्याच येतो.”

“उद्या? महिना आहे म्हणालात ना?”

“झालं काम,” चाचा म्हणाले.

त्यांनी स्टोव्हवर खिचडी टाकली आणि ती आजोबांच्या रकाबीत वाढून घेतली. सुलतानबी गेल्यापासून त्या रकाबीत ते जेवले नव्हते. खाता खाता आधी दाट शेपटी उघडी पडली, मग फिकट. इतक्यात दारासमोर बाईमाणसाची पावलं वाजली आणि त्यांची मान सवयीनं वर झाली. क्लासला निघालेल्या दोन मुली होत्या. त्या बोलत बोलत पुढं गेल्या. आता कोणाची वाट बघायची राहिली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पावलांचा आवाज संपेपर्यंत मान खाली आली नाही, आणि खिचडी गार झाली.